माणशी साडेसहाशे : एका हुरडा पार्टीचा हिशोब

कुटुंब सहा जणांचं, राहायला जुळे सोलापुरात. दादा अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याच्या ऑफिसात अकाउंट्स बघतात. हातात २६ हजार येतात. वहिनी घरी ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल-पिको करून देतात. लगीनसराई सोडून महिन्याला सात हजार धरायला हरकत नाही. दादांची बहीण, म्हणजे मुलांची आत्या, नवऱ्याच्या पश्चात माहेरीच असते. ती नवी पेठेत एका कापडाच्या दुकानात कामाला जाते आणि घरात तीन हजार देते. आजी ७१ वर्षांच्या. मुलगी तेरा वर्षांची, मुलगा आठ. सगळं मिळून महिन्याची मिळकत ३६ हजार. नावं द्यायचं कारण नाही, नात्यांनीच बोलू.

मी बचत गटातल्या बायकांसाठी घरखर्चाच्या हिशोबाचे वर्ग घेते. वहिनी तिथं येतात. त्यांची वही नेटकी असते, भाजीच्या दहा रुपयांचीही नोंद असते. फेब्रुवारीच्या वर्गात त्यांनी ती वही माझ्यापुढं सरकवली आणि म्हणाल्या, "ताई, जानेवारीत सहा हजाराचा खड्डा पडलाय. किराणा तेवढाच, लाइटबिल तेवढंच. मला सापडेना झालंय." आम्ही दोघींनी मिळून शोधलं. खड्डा एकाच रविवारचा निघाला. संक्रांतीनंतर सगळे हुरडा पार्टीला गेले होते, पुणे रस्त्यानं मोहोळच्या पुढं, आत चार किलोमीटरवर.

वहिनींच्या वहीत त्या दिवशीची नोंद एवढीच होती : "हुरडा – ३,६५०". ते पैसे फाटकावर त्यांच्याच फोनवरून गेले होते. गाडीचे दादांच्या फोनवरून गेले, आइस्क्रीमचे आत्यानं दिले, मुलांच्या घोड्याचे पुन्हा दादांनी. तीन फोन, तीन खाती. एकाच्या खिशातून पाचशेच्या नोटा निघत गेल्या असत्या तर दुपारीच कोणीतरी "अहो, पुरे आता" म्हटलं असतं. इथं तसं म्हणायला एकाही माणसाकडं पूर्ण आकडा नव्हता. तिन्ही फोनवरचे व्यवहार वर-खाली करून जुळवले तेव्हा यादी अशी झाली :

हुरडा केंद्र, पाच मोठ्यांचे प्रत्येकी ६५० : ३,२५०
मुलाचं लहान तिकीट : ४००
गाडीभाडं, टोलसकट : १,८००
जाताना रस्त्यात चहा : ९०
घोडा आणि झोक्याचा खेळ, दोन्ही मुलांचे : ३००
घरी आणलेला किलोभर हुरडा : ३००
येताना आइस्क्रीम : २४०
एकूण : ६,३८०

महिन्याच्या मिळकतीतले शंभरातले जवळजवळ अठरा रुपये एका दिवसात गेले. दादांचा पहिला अंदाज होता की गाडीवाल्यानं कापलं. आत्याचा अंदाज, पोरांचे लाड. यादी बघितली तर दोघांचंही बरोबर नाही. चहा, घोडा, हुरडा, आइस्क्रीम सगळं धरून ९३० होतात. फाटकावरचे ३,६५० म्हणजे निम्म्याहून बराच जास्त खर्च. तो गाडीतून उतरल्या उतरल्या, कोणी काही खायच्या आधीच झालेला.

हा खर्च आला कुठून

वहिनींच्या वहीच्या जुन्या पानांत हुरड्यासमोर रक्कमच नाही, कारण तेव्हा तो विकत घ्यावा लागत नव्हता. त्यांचं माहेर मोहोळ तालुक्यातलं. डिसेंबर सरत आला की भावाचा निरोप यायचा, "दाणा चिकात आलाय, या." मग एसटीनं जायचं, बांधावर आगटी पेटवायची, संध्याकाळी डहाळ्याची पेंढी आणि बोरं घेऊन परतायचं. जाताना पेढ्याचा पुडा न्यायचा, हाच काय तो खर्च.

भावानं काही वर्षांपूर्वी ज्वारी मोडून ऊस लावला. त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही. उजनीचं कालव्याचं पाणी आल्यावर या पट्ट्यात ऊस पसरला आणि साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढं गेला. शाळू उपटायला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. त्यात आजूबाजूला सगळा ऊस आणि मधेच एकट्याची दीड एकर ज्वारी असली, की शिवारातली सगळी पाखरं तिथंच उतरतात. दिवसभर गोफण घेऊन माचीवर उभं राहणार कोण? पाहुण्यांना चार कणसं भाजून देण्यासाठी कुणी शेत राखत नाही.

म्हणून "हुरडा महागला" असं हे कुटुंब म्हणतं तेव्हा मला ते अपुरं वाटतं. त्यांच्या बाबतीत शून्य रुपयांची गोष्ट जवळजवळ साडेसहा हजारांवर आली. महागाईच्या कुठल्याच निर्देशांकात हे दिसणार नाही, कारण ज्या गोष्टीला भाव नव्हता तिची भाववाढ मोजता येत नाही.

हेच केंद्र का निवडलं, त्याचं उत्तर मुलीकडं आहे. तिच्या वर्गातल्या मुलींनी तिथले फोटो टाकले होते : फुलांनी मढवलेला झोका, बैलगाडीचं चाक, पिवळ्या पाटीवर लिहिलेली मराठी वाक्यं. वहिनी म्हणाल्या, "सगळ्यांचं स्टेटस बघून पोरगी गप्प गप्प राहायला लागली हो." आमच्या वर्गातल्या काही बायकांनी याला थेर म्हटलं. मला तसं वाटत नाही. तेरा वर्षांच्या मुलीला चारचौघींसारखं एकदा कुठंतरी जाऊन यावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही. हिशोब बसवताना तिची इच्छाही खर्चाचं खरं कारण म्हणून मांडावी लागते, दोष म्हणून नाही.

एसटीचं गणित, जे कोणी मांडतच नाही

"प्रवास किती महागलाय" हे वाक्य मला प्रत्येक वर्गात ऐकू येतं. म्हणून या घरापुरतं मी ते तपासून पाहिलं. एसटीनं २५ जानेवारी २०२५ पासून भाडं १४.९५ टक्क्यांनी वाढवलं, हे खरं. पण त्याआधी १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट झालं होतं.

आजचंच हे कुटुंब २०२२ च्या सुरुवातीच्या नियमांना लावून बघू. दादा, वहिनी, आत्या आणि बारा वर्षं ओलांडलेली मुलगी यांची चार पूर्ण तिकिटं. आजी ज्येष्ठ नागरिक म्हणून अर्धं, मुलगा अर्धं. म्हणजे पाच तिकिटं. आता पूर्ण तिकीट एकट्या दादांचं, बाकी पाचही जण अर्ध्यावर. म्हणजे साडेतीन तिकिटं. त्यावर भाडेवाढ चढवली तरी जुन्या भावानं चार तिकिटांएवढे पैसे पडतात. पूर्वी ज्या फेरीला शंभर रुपये लागले असते तिथं आता ऐंशीच्या आसपास लागतात. आजी पंचाहत्तरीच्या झाल्या की त्यांचं अर्धंही जाईल. ती सवलत ऑगस्ट २०२२ पासून आहेच.

तेव्हा बायकाच जास्त असलेल्या या घराला एसटीचा प्रवास स्वस्त झालाय. पण एसटी हमरस्त्यावर सोडते आणि हुरडा केंद्रं आत, शेतात असतात. आजींचे गुडघे चार किलोमीटर चालणारे नाहीत. दादांकडं दुचाकी एकच. म्हणून सहा माणसं मावतील अशी गाडी ठरवली. भाड्याच्या गाडीत बाईमाणूस म्हणून किंवा वय झालंय म्हणून कोणी पैसे कमी करत नाही. पुणे रस्त्याला सावळेश्वरचा टोलनाका लागतो. १५ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रीय महामार्गांसाठी २०० फेऱ्यांचा वार्षिक फास्टॅग पास सुरू झाला, तेव्हा ३,००० रुपयांत, पण तो खासगी मोटारींना, पिवळ्या पाटीच्या भाडोत्री गाडीला नाही. ज्याच्या दारात गाडी उभी आहे त्याला टोल हलका झाला. सहा महिन्यांतून एकदा गाडी करणाऱ्याच्या भाड्यात तो पुराच्या पुरा राहिला.

फाटकावर

केंद्रावर पोचल्यावर काय झालं, ते मी तिघांकडून वेगवेगळं ऐकलं. मुलाला घोडा आठवतो. दादांना आठवतो तो फाटकावरचा माणूस, जो गाडीत वाकून डोकी मोजत होता. "पाच मोठे, एक लहान." मुलगी दहा वर्षांच्या वरची म्हणून मोठ्यांत धरली.

आजींच्या पिशवीत डबा होता. त्यांना साखरेचा त्रास आहे, जेवणाची वेळ टळली की घाम फुटतो, म्हणून त्या कुठंही निघाल्या की ज्वारीची भाकरी आणि मुगाची भाजी बरोबर घेतात. "बाहेरचं खाणं आत चालत नाही," असं सांगून डबा गाडीतच ठेवायला लावला. दादा म्हणाले, "अहो, औषधासारखं आहे ते." माणूस म्हणाला, "आत भाकरी मिळतेय की आजीला." दोघांचंही बोलणं आपापल्या जागी बरोबर होतं, आणि मागं चार गाड्या उभ्या होत्या.

चित्रपटगृहांबाबत हा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयात गेला होता. ३ जानेवारी २०२३ च्या निकालात न्यायालयानं सांगितलं की चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे, बाहेरचं खाणं आणू द्यायचं की नाही हे तो ठरवू शकतो. मात्र पिण्याचं स्वच्छ पाणी फुकट द्यायला हवं आणि तान्ह्या बाळाचं खाणं बेतानं आणायला आडकाठी करू नये. हा निकाल चित्रपटगृहांपुरता आहे, शेतातल्या केंद्राला तो जसाच्या तसा लागू नाही. पण मालकाच्या फाटकावर कशाच्या जोरावर बोललं जातं, ते त्यातून कळतं. डबा ही आपल्याकडच्या सहलीची पहिली गोष्ट होती. ती फाटकाबाहेर ठेवली की पुढचं सगळं खाणं मालकाच्या भावानं.

आत आगटीजवळ एक म्हातारा बाबा बसला होता. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसं खुपसायची, साल काळवंडू लागली की उघड्या बोटांनी ओढून काढायची, गोणपाटाच्या तुकड्यात धरून चोळायची, दोन फुंकरांत कोंडा उडवायचा आणि हिरवागार, वाफाळता हुरडा ताटलीत टाकायचा. हुरडा पाच मिनिटं थंड पडला की चिवट होतो, म्हणून ताटली भरून ठेवता येत नाही. पुन्हा पुन्हा थोडा थोडा द्यावा लागतो. बरोबर शेंगाचटणी, लसणाची चटणी, घट्ट दही, गूळ. आजींनी कवळी काढून रुमालात गुंडाळली आणि ते कोवळे दाणे हिरड्यांवर घोळवत किती तरी वेळ बसल्या. वहिनी सांगतात, त्यांनी खाल्ला तो फार तर दोन कणसांचा हुरडा. दुपारी अर्धी भाकरी आणि चमचाभर भरीत. पिठलं तिखट म्हणून सोडलं.

संध्याकाळी गाडीत आत्यानं सहज विचारलं, आईचे किती घेतले? मुलगा मागून ओरडला, साडेसहाशे.

आजी तेव्हा काही बोलल्या नाहीत. पण फेब्रुवारीत तुळजापूरला जायचं निघालं तेव्हा म्हणाल्या, "तुम्ही जाऊन या की. माझं काय उगं. पाय दुखतात." तुळजापूरला माणशी काही द्यावं लागत नाही, एसटीतही अर्ध्या तिकिटावर जाता येतं, हे सांगूनही त्या उठल्या नाहीत. मार्चमध्ये मुलाच्या वाढदिवसाला हॉटेलात जायचं ठरलं तेव्हा आत्याला नेमकं त्याच दिवशी दुकानात काम निघालं. वहिनींना दोन्ही कारणं खोटी वाटतात. मलाही वाटतात.

या प्रकरणात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. सहलीचा खर्च वाढला की घरं सहली कमी करतात, अशी समजूत आहे. इथं सहली कमी झाल्या नाहीत. सहलीला जाणारी माणसं कमी होऊ लागली. आणि ती कमी होतात एका ठराविक क्रमानं : आधी जी कमी खातात, कमी मागतात, ज्यांच्यासाठी दर पैशाला "कशाला" म्हणावंसं वाटतं, ती. माणशी दराचं फाटक सगळ्यांना एकाच मापानं मोजतं. म्हणून सर्वांत कमी खाणाऱ्या माणसाचा हुरडा सर्वांत महाग पडतो, आणि ते त्या माणसालाच सर्वांत आधी कळतं.

मालकाची बाजू

मी केंद्राच्या मालकाला भेटून आले. चाळिशीतला गडी, चार एकराचा धनी. त्यानं चहा पाजला आणि हिशोबही लपवला नाही.

सुरुवातीला तो हुरडा वजनावर द्यायचा. मग असं व्हायला लागलं की आठ जणांचं कुटुंब यायचं, दोन किलो हुरडा घ्यायचं, घरून आणलेल्या पुऱ्या खायचं आणि दिवसभर बाजा, झोके, पाणी, संडास सगळं वापरून पत्रावळ्या तिथंच टाकून जायचं. हुरड्यात त्याला मिळत काय होतं? सुट्टा हुरडा तो ३०० रुपये किलोनं विकतो. एक माणूस फार तर पावशेर खातो, म्हणजे ७५ रुपयांचा. साडेसहाशेतले उरलेले पैसे माणसांचे आहेत : आगटीवर दोघं, चुलीवर भाकऱ्या थापायला पाच बायका, वाढायला पोरं, गाड्या लावायला एक.

शिवाय पेरणीही वेगळी करावी लागते. सगळी ज्वारी एकदम पेरली तर ती एकदमच हुरड्यात येते आणि आठ-दहा दिवसांत दाणा कडक होतो. म्हणून तो तुकडे पाडून थोड्या थोड्या दिवसांच्या अंतरानं पेरतो, की प्रत्येक रविवारी कुठला ना कुठला तुकडा चिकात असावा. हुरड्याचे वाणही वेगळे लागतात, गोड आणि कणसातून सहज सुटणारे; गुळभेंडी जुनी, आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाचे फुले उत्तरा, फुले मधुर हे अलीकडचे. हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंतचा. त्यात गर्दीचे फक्त रविवार. एक रविवार ढगाळला, पाऊस आला की तो गेला. "बाकीचे दहा महिने ते झोके माझ्या गाई बघतात," तो म्हणाला. घोडेवाला त्याचा नाही, जागा फक्त त्याची.

राज्यानं २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं धोरण आणलं. शेतकऱ्याला पिकाबरोबर शेताच्या जागेचे, वातावरणाचेही पैसे मिळावेत, असा त्यामागचा विचार आहे आणि मला तो पटतो. वहिनींच्या भावाला ज्वारीतून जे जमलं नाही ते या माणसानं जमवलं. त्याच्या शिवारात अजून शाळू उभा आहे. त्यामुळं त्याला लुटारू म्हणणाऱ्यांच्यात मी नाही. माझा आक्षेप दरावर नाहीच, दराच्या आकारावर आहे. डोकी मोजणं त्याला सोपं पडतं, म्हणून तो डोकी मोजतो. फाटकावर गर्दीत दुसरं काही मोजता येत नाही, हेही खरं.

जिथं फाटक नाही

गड्ड्याची यात्रा, म्हणजे संक्रांतीच्या वेळची सिद्धेश्वराची जत्रा, सोलापूरकरांना वेगळी सांगायला नको. होम मैदानावर पाळणे, खेळण्यांची दुकानं, खाण्याचे स्टॉल, आणि आत शिरायला काही द्यावं लागत नाही. पैसे पाळण्यात बसणाऱ्याचे. याच कुटुंबानं याच जानेवारीत गड्ड्यावर ११०० रुपये घालवले आणि सहाच्या सहा जण गेले होते. आजींनी नंदीध्वजांचं दर्शन घेतलं, मग भगर-रेवड्यांच्या दुकानापाशी खुर्चीवर बसून राहिल्या. त्यांच्या नावावर एक रुपया पडला नाही आणि कोणी तो मोजलाही नाही. पाळण्याचे दर गड्ड्यावरही चढलेत, मुलं कुरकुरली. पण तिथं "तू चल, तू नको" असं कोणाला म्हणावं लागत नाही.

केंद्रीय पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांचं असंच आहे. विजापूरच्या गोलघुमटाला मोठ्यांना २५ रुपये, पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना काहीच नाही. या सहा जणांचे मिळून शंभर रुपये होतात. वरच्या सज्जात जायचे जिने आजींना झेपणार नाहीत, पण खाली बागेत बसायचे २५ रुपये कोणाला टोचत नाहीत. मल्टिप्लेक्सचं बोलायलाच नको. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला तो शंभर रुपयांपर्यंतच्या तिकिटांना. त्यावरच्या तिकिटांना १८ टक्के तसाच राहिला. या घरानं तिथला नाद आधीच सोडलाय.

गाडी की माणसं

पुढच्या हंगामाचा विचार करताना दादांनी सुचवलं की आपण चौघंच जाऊ, आई आणि ताई घरी थांबतील. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, दोघीही तसंच म्हणत होत्या. मी त्यांना तेवढाच हिशोब मांडून दाखवला. दोघी वगळल्या तर फाटकावरचे १,३०० आणि आइस्क्रीमचे ८० वाचतात. म्हणजे घरातली तिसरा हिस्सा माणसं वगळून ६,३८० मधल्या पाचव्या हिश्शाहून थोडंच जास्त वाचतं, कारण गाडी चौघांनाही तेवढ्यालाच पडते.

उलट गाडी वगळली तर? मोहोळपर्यंत एसटीनं साडेतीन तिकिटं जाताना, साडेतीन येताना, पाचशेच्या आत काम होतं. १,८०० मधून ५०० गेले, १,३०० राहिले. आजी आणि आत्याच्या हुरड्याचे पैसे नेमके तेवढेच. दादा बराच वेळ त्या दोन आकड्यांकडं बघत होते. मग म्हणाले, "पण आतले चार किलोमीटर?" तो प्रश्न खराच आहे. वडापची जीप त्या फाट्यावरून रविवारी नेमानं सुटत नाही, आणि सुटली तरी तीत आजींना चढवणं सोपं नाही. हिशोब वहीत बसतो म्हणून रस्त्यावरही बसेलच असं नाही.

वहिनींनी मालकाला फोन केला. ही गोष्ट त्यांच्या जागी मी असते तर केली नसती. एकदा पैसे देऊन आल्यावर मागून बोलायचं आपल्याला जड जातं. त्यांनी तीन गोष्टी विचारल्या. सत्तरीच्या पुढच्यांना अर्धं तिकीट कराल का? दुखणेकऱ्याचा डबा आत येऊ द्याल का? आणि मोहोळ स्टँडवरून तुमची गाडी न्यायला येईल का? पहिल्याला तो लगेच हो म्हणाला. असं कोणी विचारलंच नव्हतं, म्हणाला. डब्याला नाही म्हणाला, पण आजींसाठी बिनतिखटाची मुगाची भाजी आधी सांगितली तर करून ठेवू, असं बोलला. गाडीचं म्हणाला, वीस माणसं एकदम आली तर पाठवतो आणि माणशी साडेपाचशे लावतो. वीस माणसं म्हणजे आमच्या गटातली चार घरं. त्यावर गटात बोलणं चाललंय. दोन घरांना रविवार जमतो, एकीच्या नवऱ्याची पाळी असते.

मध्यंतरी ही मंडळी माचणूरला जाऊन आली. मंगळवेढा रस्त्यावर भीमेच्या काठी सिद्धेश्वराचं देऊळ, दगडी घाट, शेजारी औरंगजेबाच्या छावणीच्या काळातला किल्ला. एसटीनं गेले, कडक भाकरी, शेंगाचटणी, दही, कांदा बांधून नेला, सगळे मिळून ७६० रुपये लागले. आत्या आली. आजीही आल्या, कारण या वेळी वहिनींनी त्यांना "येताय का" असं विचारलंच नाही. "आई, तुमच्या भाकरीला मीठ घालू का" एवढंच विचारलं. मुलगा घाटाच्या पायऱ्यांवर दिवसभर उड्या मारत होता. मुलीनं एकही फोटो टाकला नाही. परत येताना तिनं आईला स्पष्ट सांगितलं, की हे ठीक आहे पण ही सहल नाही, हे देवदर्शन आहे. तिचंही चूक नाही.

तिला आता मैत्रिणी ज्या वॉटर पार्कला गेल्या तिथं जायचंय. वहिनींनी तिलाच वही दिली आणि सांगितलं, सगळ्यांचा खर्च तू मांड. तिनं नीट चौकशी केली. तिकीट माणशी, त्यात १८ टक्के जीएसटी धरलेला, पाण्यात सुती कपडे चालत नाहीत, नायलॉनचे भाड्यानं घ्यावे लागतात आणि त्यांची अनामत वेगळी, लॉकरचे वेगळे, घरचं खाणं आत नाही. सहा जणांची बेरीज केली, आकडा बघून थांबली, आणि आजीचं नाव खोडलं. समोर कारण लिहिलं : "पाण्यात उतरणार नाही." वहिनींनी ते नाव पुन्हा लिहिलं आणि आकडा पुन्हा वाढला. गेल्या आठवड्यात वही माझ्याकडं आली तेव्हा त्या पानावर आजीचं नाव दोनदा खोडलेलं आणि दोनदा लिहिलेलं होतं. दुसऱ्यांदा लिहिलेलं अक्षर दादांचं आहे. जायचं की नाही, हे घरात अजून ठरलेलं नाही.